प्रवासाचे कपडे बसून निवडा: नाशिकहून निघणाऱ्या पुरुषांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बहुतेक पुरुष प्रवासाचे कपडे दोनच प्रकारे निवडतात. एक तर जुनी ट्रॅकपँट आणि रंग उडालेला टी-शर्ट, कारण "गाडीत कोण बघतंय?" नाहीतर कडक इस्त्रीचा शर्ट, घट्ट जीन्स आणि नवे कोरे बूट, कारण उतरल्या उतरल्या चार माणसं भेटणार असतात. पहिला आरामात पोहोचतो आणि मग कपडे बदलायला जागा शोधत फिरतो. दुसरा रुबाबात निघतो आणि कसारा येईपर्यंत पट्टा सैल करून, बुटातून टाचा बाहेर काढून बसतो. दोघांची चूक एकच. कपडे निवडले आरशासमोर उभं राहून, आणि प्रवास करायचा आहे बसून.

दुसरी चूक क्रमाची. आपण शर्टापासून सुरुवात करतो, मग त्यावर जाणारी पँट शोधतो, आणि बूट शेवटी उरतात. प्रवासात सर्वात जास्त छळतात ते बूट आणि पँट, म्हणून त्यांचा निर्णय आधी व्हायला हवा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्यांदा करताना एक संध्याकाळ जाईल. जोड एकदा ठरली की पुढच्या प्रवासाला तीच उपयोगी पडते.

टप्पा १: कपाट उघडण्याआधी प्रवास लिहून काढा

कागदावर चार गोष्टी लिहा: वाहन कोणतं, सलग किती तास बसायचं, दोन्ही टोकांना हवा कशी, आणि उतरल्यावर पहिल्या तासात काय करायचं आहे.

नाशिककरांना यातला हवेचा मुद्दा सर्वात जास्त चकवतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली येतो, निफाडकडे तर आणखी खाली. पंचवटी एक्स्प्रेस पकडायला गंगापूर रोडवरून दुचाकीने नाशिकरोडला जाणारा माणूस कुडकुडत निघतो. तीच गाडी घाट उतरून कल्याणला पोहोचते तेव्हा हवा दमट झालेली असते, आणि दादरला उतरून जिना चढेपर्यंत पाठ ओली. जो फक्त नाशिकच्या थंडीकडे बघून जाड शर्ट घालतो त्याला तो शर्ट दिवसभर काढता येत नाही. म्हणून मुंबईच्या प्रवासाला शर्ट मुंबईच्या हवेचा हवा आणि नाशिकची थंडी अडवायला वर काढता येण्यासारखा थर हवा.

पावसाळ्यात उलटा घोळ होतो. शहरात भुरभुर असते, म्हणून माणूस कापडी बूट घालून निघतो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. घाटातल्या ढाब्यावर पाच मिनिटं चहाला उतरलात तरी मोजे भिजतात आणि ते मुंबईपर्यंत वाळत नाहीत. मे महिन्यात मनमाडच्या पुढे, जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्यांनी नाशिकच्या संध्याकाळच्या वाऱ्यावर विसंबू नये. तिकडची दुपार वेगळीच असते. पुण्याच्या बसमध्ये चाकणची कोंडी धरून पाच तास सहज जातात, आणि एसी बस असेल तर झोत थेट मानेवर येतो.

आता चौथी गोष्ट, पहिला तास. मुलाखत किंवा बैठक असेल तर उतरताना तुम्ही तयार दिसायला हवेत. देवदर्शन असेल तर बूट पटकन काढता-घालता यावेत. चाकणच्या कारखान्यात काम असेल तर पाय झाकणारे बूट लागतातच. नातेवाइकांकडे जायचं असेल तर मांडी घालून जेवायला बसता येईल अशी पँट हवी.

तपासा: कागदावर "पोहोचल्यावर कपडे बदलीन" असं लिहिलं असेल, तर कुठे बदलणार तेही लिहा. हॉटेल, नातेवाइकांचं घर, स्टेशनवरची प्रतीक्षालयाची खोली, काहीही. पण ठिकाण सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर घातलेल्या कपड्यांतच काम उरकायचं आहे असं धरून पुढे चला.

टप्पा २: बूट

बराच वेळ पाय खाली सोडून बसलं की पायांत द्रव साठतो आणि पावलं थोडी सुजतात. सकाळी नेमके बसणारे बूट दुपारी चावतात ते यामुळे. म्हणून प्रवासाचे बूट संध्याकाळी खरेदी करा, मोजे घालून करा, आणि सर्वात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा आहे का ते बघा. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं माप घ्या. लेसचे बूट असतील तर सूज आल्यावर सैल करता येतात, हा त्यांचा मोठा फायदा.

एकाच जोडीवर सगळं निभवायचं असेल तर माझी पसंती गडद तपकिरी, रबरी तळाच्या, साध्या लेसच्या चामडी बुटांना. ते चिनोजवर (साध्या सुती कॅज्युअल पँटवर) चालतात, फॉर्मल पँटवर चालतात, गडद जीन्सवरही चालतात. चामडी तळाचे बूट प्रवासाला घेऊ नका. ओल्या फलाटावर आणि गुळगुळीत फरशीवर ते सरकतात. पांढरे साधे स्नीकर्स आज बहुतेक कार्यालयांत खपतात, पण ते स्वच्छ असतील तरच. नाशिकरोडच्या गर्दीत कोणी पाय दिला की दिवसभर तो डाग मिरवावा लागतो.

पावसाळ्यात मागे पट्टा असलेले रबरी सँडल घालून निघा. बूट आणि कोरडे मोजे पिशवीत ठेवा आणि पोहोचल्यावर बदला. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर किंवा शेगडीची ऊब लावली की चामडं कडक होऊन तडकतं.

मोजे पोटरीपर्यंत येणारे घ्या, म्हणजे बसल्यावर पँट वर सरकली तरी उघडी नडगी दिसत नाही. रंग पँटच्या जवळचा ठेवा. वरचं इलॅस्टिक काढल्यावर कातडीवर खोल वळ उठत असेल तर तो मोजा लांबच्या प्रवासाला बाद.

सावध: नवे बूट प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी आठवडाभर रोज थोडा वेळ घालून फिरा. टाच कुठे घासते ते घराजवळ कळलेलं बरं.

टप्पा ३: पँट, आणि इथे घाई नको

दुकानातल्या खोलीत पँट घालून आपण आरशात पुढून-मागून बघतो आणि "बसतेय" म्हणतो. प्रवासासाठी ही चाचणी अपुरी आहे. घरी एक सरळ पाठीची खुर्ची घ्या, पँट घाला, पट्टा लावा, मोबाईल आणि रुमाल खिशात ठेवा आणि दहा मिनिटं बसा. त्यात या हालचाली करा: पुढे वाकून बुटाची लेस बांधा, एक पाय दुसऱ्यावर टाका, उठून एक पाय खुर्चीवर ठेवा, जसा वरच्या बर्थवर चढताना ठेवतो तसा. दहा मिनिटांनंतर या ठिकाणी लक्ष द्या.

कंबर: बसलं की पोटाचा घेर एक-दीड इंचाने वाढतो. बसलेल्या अवस्थेत पट्ट्याआड दोन बोटं सहज जायला हवीत. उभं असताना नेमकी बसणारी कंबर बसल्यावर पोटात रुतते, आणि दुपारचं जेवण झाल्यावर तर विचारूच नका.

आसन: दोन पायांच्या मधल्या शिलाईपासून कंबरेपर्यंतचा हा भाग. आसन कमी असेल तर बसल्यावर मागून पँट खाली ओढली जाते, शर्ट बाहेर येतो आणि पुढे काचतं. पुरुषांच्या प्रवासातल्या निम्म्या अस्वस्थतेचं मूळ इथे असतं, आणि नेमकं हेच माप खरेदी करताना कोणी विचारत नाही. पँटची कंबर बेंबीच्या थोडी खाली बसेल इतकं आसन घ्या. कमरेच्या हाडाच्या खाली टेकणाऱ्या पँट प्रवासाला नकोत.

मांडी: उभं असताना मांडीच्या बाजूचं कापड चिमटीत धरा. इंचभर सुटं यायला हवं. काहीच येत नसेल तर बसल्यावर कापड ताणलं जाईल, गुडघ्याला फुगे येतील आणि खिशाच्या कडा बाहेर उघड्या पडतील.

गुडघ्याची मागची बाजू: तासाभराने तिथे ओलसर, काचल्यासारखं वाटलं तर पँट अरुंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून अधिक काळ हालचाल न करता बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो असं आढळलं. एरवी हा धोका लहान असतो, तरी लांबच्या प्रवासात पाय सहज हलवता येतील अशी पँट हवी आणि मधूनमधून उठून डब्यात चक्कर मारायला हवी. ज्यांना आधी असा त्रास झाला आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावं.

मोहरी आणि उंची: मोहरी म्हणजे पँटच्या पायाचा तळाचा घेर. ती फार अरुंद असेल तर बसून उठल्यावर पँट पोटरीवर अडकून राहते, खाली उतरत नाही. उठल्यावर हात न लावता ती आपोआप बुटावर यायला हवी.

कापडाचं म्हणाल तर सुती ट्विलमध्ये (तिरप्या विणीच्या कापडात) २ ते ३ टक्के लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलेली चिनोज ही सर्वात भरवशाची. लेबलावर टक्केवारी लिहिलेली असते, वाचा. लायक्रा फार जास्त असलं की कापड अंगाला चिकटतं आणि दिवसाअखेर ढिलं पडतं. बैठकीसाठी फॉर्मल पँट हवी असेल तर टेरीवूल (पॉलिस्टर आणि लोकर) किंवा पॉली-व्हिस्कोज (पॉलिस्टर आणि व्हिस्कोज) असं मिश्र कापड घ्या. त्यावर चुण्या पडत नाहीत असं नाही, पण टांगून ठेवलं की बऱ्याच आपोआप उतरतात. शुद्ध लिनन प्रवासात घालू नका. त्याच्या धाग्याला लवचीकपणा कमी, म्हणून मांडीवर पडलेली घडी मोडत नाही.

जीन्सवर अनेकांचा जीव असतो, म्हणून थोडं स्पष्ट सांगतो. हलकी, गडद निळी, न फाटलेली, मांडीत सैल जीन्स हिवाळ्यात उत्तम. जाड डेनिम मात्र भिजलं की तासन्तास वाळत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर घाट ओलांडणाऱ्यांनी ती घरीच ठेवावी.

आणि ट्रॅकपँट? रात्रीच्या गाडीत झोपण्यासाठी ती योग्यच आहे. पण ती बर्थवर पोहोचल्यानंतरची पँट आहे. त्याऐवजी चिनोजच्या कापडाची, कमरेला आतून इलॅस्टिक आणि बाहेरून नेहमीचा पट्टा असलेली पँट टेलरकडून शिवून घेतली तर झोपायला आणि उतरायला एकच चालते. मेनरोड, कापड पेठेतून कापड घेऊन नेहमीच्या टेलरला "मागच्या अर्ध्या कमरेत इलॅस्टिक घाला आणि आतल्या शिलाईत माया ठेवा" असं सांगा. माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड; ती असली की पुढे वजन वाढलं तरी पँट मोकळी करता येते.

रंग मधला करडा, नेव्ही किंवा ऑलिव्ह. बिस्किटी रंगावर सीटची धूळ दिसते आणि कुट्ट काळ्यावर प्रत्येक तंतू दिसतो.

सावध: अल्टर करायला दिलेली पँट निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घेऊ नका. लग्नसराईत टेलरकडे दिलेली तारीख पुढे सरकतेच. आठवडाभर आधी घ्या आणि दहा मिनिटांची बसण्याची चाचणी पुन्हा करा.

टप्पा ४: शर्ट किंवा कुर्ता

घामाचं गणित कापडाच्या जातीवर ठरतं. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, लोकर १६ च्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून स्वस्त पॉलिस्टर शर्टात घाम कातडीवर तसाच राहतो आणि वास लवकर येतो. उलट शुद्ध सुती शर्ट घाम पितो पण सावकाश वाळतो आणि चुरगळतो. दोन्हीचा मध्य म्हणजे सुती जास्त आणि थोडं पॉलिस्टर किंवा लायक्रा असलेलं मिश्रण, किंवा घट्ट विणीचा, किंचित खरखरीत पोताचा सुती शर्ट, जसं ऑक्सफर्ड कापड. त्याच्या पोतातच बारीक चुण्या लपतात.

दुकानात करायची चाचणी सोपी आहे. शर्टाच्या खालच्या टोकाचं कापड मुठीत घट्ट धरा, तीस आकडे मोजा, सोडा. मिनिटभरात घडी विरत गेली तर घ्या. कागदासारखी उभी राहिली तर तो शर्ट गावातल्या कामासाठी ठेवा.

मग हात वर करून वरच्या फळीवर बॅग ठेवल्याचा आविर्भाव करा. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर, फार खाली असेल तर हात उचलताच अख्खा शर्ट पँटमधून वर येतो. मुंढा काखेच्या जवळ, आणि शर्टाची लांबी बसून उठल्यावरही खोचलेला राहील इतकी. खोचायचा नसेल तर तळ सरळ कापलेला आणि खिशाच्या मध्यापर्यंत येणारा शर्ट घ्या.

रंगाची एक गोष्ट लोक हमखास चुकतात. घामाचे डाग सर्वात जास्त दिसतात फिकट करड्या आणि आकाशी रंगावर. मुलाखतीला मात्र बहुतेकजण आकाशीच घालतात. मुंबईच्या दमट हवेत पांढरा, नेव्ही किंवा बारीक चौकटीचा शर्ट जास्त साथ देतो. शर्टाआत बाह्यांचं, पातळ सुती बनियन घाला. सँडो बनियन काखेतला घाम टिपत नाही. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं. फिकट करडं किंवा कातडीच्या जवळच्या रंगाचं कमी दिसतं.

लग्नकार्याला जाताना कुर्ता हा उत्तम प्रवासी पोशाख आहे, हे माझं ठाम मत आहे. अंगाला हवा लागते, पोटावर काही काचत नाही, आणि गुडघ्यापर्यंतच्या साध्या कुर्त्यावर बंडी चढवली की उतरल्यावर थेट मांडवात जाता येतं. फक्त दोन पथ्यं: कुर्ता बाजूने चिरलेला असावा आणि बसताना मागचा भाग हाताने सरळ करून बसावं. खाली चुडीदारापेक्षा सरळ पायजमा किंवा नेहमीची पँट बरी.

इस्त्रीबद्दल: प्रवासाच्या शर्टाला खळ घालू नका. खळीचा शर्ट निघताना देखणा दिसतो, पण सीटवर पडलेली घडी त्यात पक्की होते. इस्त्री केल्यावर शर्ट लगेच अंगात घालू नका. अर्धा तास हँगरवर थंड होऊ द्या. गरम आणि किंचित दमट कापड ज्या आकारात वाकेल तो आकार धरून बसतं.

तपासा: कारने समृद्धीवरून किंवा मुंबई-आग्रा महामार्गाने जात असाल तर सीटबेल्टचा पट्टा छातीवर तिरकी घडी पाडतो. बेल्ट लावलाच पाहिजे. त्यामुळे बैठकीचा शर्ट मागच्या हुकाला हँगरवर लावा आणि गाडी पोलो टी-शर्टवर चालवा.

टप्पा ५: वरचा थर

एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन पातळ थर घ्या. जानेवारीत शर्टावर पातळ लोकरी स्वेटर किंवा अर्धी चेन असलेला पुलओव्हर, आणि त्यावर वारा अडवणारं हलकं जॅकेट. दुचाकीवर वारा अडवणं लोकरीपेक्षा महत्त्वाचं. स्टेशनवर जॅकेट बॅगेत, कसाऱ्यानंतर स्वेटरही बॅगेत.

चेअर कारमध्ये चादर-ब्लँकेट मिळत नाही, हे उन्हाळ्यातही लक्षात ठेवा. एसी बस किंवा चेअर कारसाठी एक पातळ सुती उपरणं किंवा स्कार्फ पुरतो. मानेवरचा झोत थांबवतो आणि झोपताना डोळ्यांवर घेता येतो.

ब्लेझर न्यायचा असेल तर अस्तर नसलेला किंवा पाठीला अर्धंच अस्तर असलेला, खांद्यात पॅडिंग कमी असलेला घ्या. गाडीत तो घालून बसू नका, सीटला पाठ टेकली की मागे चुण्यांचं जाळं होतं. हँगर नसेल तर त्याची घडी अशी: ब्लेझर पाठीकडून धरा, डावा खांदा उलटा करा म्हणजे अस्तर बाहेर येईल, उजवा खांदा त्याच्या आत बसवा, मग मध्ये गुंडाळलेला टी-शर्ट ठेवून आडवी एकच घडी घाला. लाँड्रीतून आलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी वरून चढवा, कापड घासत नाही आणि घड्या कमी पडतात.

टप्पा ६: आतले कपडे, पट्टा, खिसे

अंडरवेअर मांडी झाकणारी, बॉक्सर ब्रीफ प्रकारची घ्या. दमट हवेत मांड्या एकमेकांना घासून सोलतात ते यामुळे टळतं. सैल बॉक्सर पँटखाली गोळा होते.

पट्टा: छिद्रांचा पट्टा दोन छिद्रांच्या मध्ये अडतो, म्हणून सरकता किंवा विणलेला पट्टा प्रवासाला सोयीचा. ओझरहून विमानाने जाणाऱ्यांनी पट्टा, घड्याळ, नाणी तपासणीपूर्वीच जॅकेटच्या खिशात टाकावीत, म्हणजे एकच वस्तू ट्रेमध्ये ठेवायची राहते.

पाकीट मागच्या खिशात ठेवून तासन्तास बसू नका. एक बाजू उचलली जाते, कंबर तिरकी राहते आणि नितंबातल्या नसेवर दाब येऊन पायापर्यंत कळ जाऊ शकते. शिवाय पाकीटमाराचा हात तिथेच जातो. पैसे, कार्ड आणि ओळखपत्र यांची पातळ घडी पुढच्या खिशात, बाकी सगळं बॅगेत. शर्टाच्या खिशात मोबाईल ठेवला की कापड खाली ओढलं जातं आणि सगळा शर्ट लोंबल्यासारखा दिसतो.

टप्पा ७: बॅग भरण्याचा क्रम

तळाला बूट, प्रत्येक बूट वेगळ्या पिशवीत, आत मोजे कोंबलेले. त्यावर जीन्स आणि टी-शर्ट गुंडाळून. त्यावर घडीच्या पँट. सर्वात वर शर्ट आणि ब्लेझर. शर्टाची बटणं पहिलं, मधलं आणि शेवटचं लावून घडी घाला, आणि कॉलरच्या आत गुंडाळलेला पट्टा ठेवा, कॉलर दबत नाही.

देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी ७ किलोची मर्यादा असते. जड बूट आणि जॅकेट अंगावर घाला, हलके बॅगेत. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात सोडता येत नाही.

पावसाळ्यात बॅगेला वरचं आवरण असलं तरी कपडे आत मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. बसच्या टपावर किंवा डिकीत पाणी खालून येतं.

सावध: बॅग अर्धी रिकामी असेल तर कपडे आत घसरून जास्त चुरगळतात. रिकामी जागा टॉवेलने भरा किंवा लहान बॅग घ्या.

टप्पा ८: आदल्या संध्याकाळची रंगीत तालीम

बुटांपासून जॅकेटपर्यंत सगळं अंगावर चढवा, बॅग खांद्याला लावा आणि जिना एकदा चढून उतरा. सॅकचा पट्टा कॉलरवर चढतो का, पँट खाली सरकते का, टाच घासते का, हे पाच मिनिटांत कळतं. बटणांचे धागे ओढून बघा. पुढच्या खिशाची शिलाई तपासा. मग सगळं काढून एका हँगरवर क्रमाने लावून ठेवा. पहाटे साडेचारला उठून अंधारात मोजे शोधणारा माणूस हमखास दोन वेगळ्या रंगांचे घालून निघतो.

सोबत एक लहान पाऊच: रुमाल दोन, ओले टिश्यू, कंगवा, लहान डिओ, जास्तीचं बनियन, बुटांसाठी फडका, सुईदोरा आणि एक सेफ्टी पिन.

टप्पा ९: उतरण्याआधीची पंधरा मिनिटं

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि आधीची मेहनत वाया जाते. मुंबईकडे जाताना ठाणे गेलं की, पुण्याच्या बसमध्ये चाकण गेलं की उठा. आधी तोंड, मान आणि हात ओल्या टिश्यूने पुसा. बनियन ओलं झालं असेल आणि स्वच्छतागृह बरं असेल तर बदला. वरचा शर्ट तोच राहिला तरी माणूस ताजा वाटतो. मग शर्ट पुन्हा खोचा: बाजूचं जादा कापड दोन्हीकडून मागे ओढून घडी करा आणि मग पट्टा लावा. हाताचे तळवे किंचित ओले करून मांडीवरच्या चुण्यांवरून वरून खाली फिरवा, सुती कापडावर फरक दिसतो. हेल्मेट घालून स्टेशनला आला असाल तर केसांना पाणी लावून कंगवा फिरवा. बुटांवर फडका. ब्लेझर सर्वात शेवटी, फलाटावर पाय टेकल्यानंतर घाला.

मुक्काम असेल तर हॉटेलवर पोहोचताच सर्वात आधी शर्ट आणि ब्लेझर बाहेर काढून न्हाणीघरात टांगा आणि मग गरम पाण्याने आंघोळ करा. वाफेने बहुतेक चुण्या उतरतात. उरलेल्या घड्यांवर पाण्याचा हलका हात फिरवून पंख्याखाली वाळवा. परतीच्या प्रवासाचे कपडे त्याच रात्री वेगळे काढून ठेवा आणि घामाचे कपडे स्वतंत्र पिशवीत बांधा, तोंड थोडं उघडं ठेवून; घट्ट बांधलेल्या पिशवीत ओलसर सुती कपड्यांना दोन दिवसांत कुबट वास लागतो.